शिकागोचा तिसरा क्रमांक टिकेल?

१९५० साली अमेरिकेतले पाचवे मोठे शहर होते साडेअठरा लाखांचे डेट्रॉइट. फिनिक्स तेव्हा जेमतेम लाखाचे. २०२० च्या जनगणनेत डेट्रॉइट ६ लाख ३९ हजारांवर घसरले आणि पाचवे आले फिनिक्स. फिलाडेल्फिया मागे पडले ते अवघ्या ४,३४२ माणसांनी!

आता तिसऱ्या क्रमांकासाठी पैजा लागतात त्या शिकागो (२०२० मध्ये साडेसत्तावीस लाख) आणि ह्यूस्टन (२३ लाख) यांच्यावर. ह्यूस्टन पुढे जाईलही, पण त्यात मेख आहे. शिकागोची हद्द सुमारे ६०० चौरस किलोमीटर, ह्यूस्टनची १,६०० हून अधिक. आजूबाजूच्या वस्त्या हद्दीत ओढतच ते वाढले. २०१९ च्या टेक्सासच्या कायद्याने रहिवाशांच्या संमतीविना तसे करणे बहुतांशी बंद झाले. उपनगरे धरून मोजले, तर शिकागोचा (२०२० मध्ये ९६ लाख) खरा पाठलाग डॅलस-फोर्टवर्थ (७६ लाख) करते आहे, ह्यूस्टन नव्हे.

फिनिक्सवर पैज लावणाऱ्यांनी मात्र पाणी बघावे. २०२३ मध्ये ॲरिझोना राज्याने तिथे केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या गृहप्रकल्पांना मंजुरी देणे थांबवले.