उत्तरायुष्यांतील लेखन

लेखणी तारुण्यांत हातीं धरली नाहीं तर ती पुढें वळत नाहीं, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. डॅनियल डीफो यानें ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ सालीं प्रसिद्ध केली, तेव्हां तो साठीच्या उंबरठ्यावर होता. मात्र त्याचा हात राजकीय पत्रकें लिहून आधींच बसलेला होता.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १८६८ चा. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पती नारायण वामन टिळक यांच्याकडून. १९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें, तें पुरें करण्याचा भार लक्ष्मीबाईंनीं उचलला. ‘स्मृतिचित्रें’चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला, तेव्हां त्यांचें वय सहासष्टाच्या घरांत होतें.

पतीनें १८९५ सालीं धर्मांतर केलें आणि संसार दुभंगला. तेव्हांच त्या लिहित्या, तर ती बहुधा एक फिर्याद झाली असती. चार दशकांनीं त्या दुःखाचा दाह निवला होता, तपशील मात्र ताजा होता. म्हणूनच सोंवळ्याओंवळ्याची स्वतःची फजितीही त्या हंसत सांगूं शकल्या. भाषाही पुस्तकी वळणाची नाहीं, माजघरांतील आहे. शाळेनें ती कदाचित् बिघडविलीच असती!

वेळ मात्र थोडा उरला होता. १९३६ सालीं लक्ष्मीबाई निवर्तल्या. राहिलेला मजकूर पुत्र देवदत्त यांनीं पुरा केला.