‘नेटिव्ह’ : एका शब्दाचें स्थित्यंतर

गणपति किंवा शिमगा जवळ आला कीं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत एक प्रश्न हटकून कानीं पडतो : “यंदा नेटिव्हला जाणार ना ?” येथें नेटिव्ह म्हणजे मूळ गांव. मनुष्य रत्नागिरीकडचा असो, साताऱ्याचा असो कीं काठेवाडचा असो, हा शब्द तो जिव्हाळ्यानेंच उच्चारतो. परंतु जुन्या वर्तमानपत्रांत हाच शब्द निराळ्या वेषांत वावरत असे.

त्याचें मूळ लॅटिन असून तो आपल्या ‘जन्’ धातूचा सगोत्र आहे. जो जेथें जन्मला तो तेथला नेटिव्ह, इतकाच त्याचा सरळ अर्थ. आरंभीं आमच्या विद्वानांसही त्याचें वावडें नव्हतें. ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’चे ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ म्हणून सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं व पुढें बाळशास्त्री जांभेकर यांनीं काम केलें. याच बाळशास्त्र्यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं इंग्रजी-मराठी ‘दर्पण’ सुरू केलें. त्या काळच्या मराठींत ‘एतद्देशीय’ हा या शब्दाचा भारदस्त पर्याय होता. १८६४ सालीं विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं तर आपल्या पत्रासच ‘नेटिव्ह ओपिनियन’ असें नांव दिलें. एतद्देशीयांसही मत आहे, हें त्या नांवानेंच सरकारास बजावलें.

सरकारी दप्तरांत मात्र शब्दाचा रोख पालटला. देशी पत्रांत काय छापून येतें याचा गोषवारा आठवड्याच्या आठवड्यास तयार होई. त्याचें नांव ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’. त्यांत १८८१ सालीं निघालेला ‘केसरी’ येई हें ठीकच. पण इंग्रजींत निघणारा ‘मराठा’ही येई. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ मुंबईंतच छापला जाई, तरी तो ‘अँग्लो-इंडियन’ पत्रांत मोडे. कारण या शब्दाचा तेव्हांचा अर्थ हिंदुस्थानांत राहणारे इंग्रज असा होता. म्हणजे पत्र ‘नेटिव्ह’ ठरे तें भाषेवरून नव्हे, मालकाच्या वर्णावरून. रड्यार्ड किप्लिंग १८६५ सालीं मुंबईंत जन्मले व पुढें लाहोरास पत्रकार झाले. कोशाप्रमाणें ते मुंबईचे नेटिव्ह. पण त्यांस कोणी तसें म्हटलें असतें काय? जन्माचा वाचक असलेला शब्द असा अंकिताचा वाचक झाला, आणि स्वाभिमान जागा होतांच आमच्या लोकांस तो बोचूं लागला.

साष्टींतील उदाहरण याहून बोलकें आहे. पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झालेले येथील मराठीभाषी रहिवासी हे या भूमीचे खरे जन्मजात लेक. पण गोव्याकडून नोकरीसाठीं येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं १८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षीं, ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. येथलेपण सिद्ध करावयास ‘नेटिव्ह’ हा शब्द त्यांस पुरेसा वाटला नाहीं !

आतां राज्य गेलें, रिपोर्ट गेले. शब्दाचा डंख निघून गेला आणि तो उपनगरांतील घरोघरीं नांदूं लागला. तरी एक गोष्ट चिंतनीय आहे. मुलुंडास जन्मलेला, तेथेंच शिकलेला नातू आपलें नेटिव्ह गुहागर म्हणून सांगतो. आजोबांस त्यांत धन्यता वाटते, व ती योग्यच आहे. कुळाचें मूळ विसरूं नये. परंतु जन्मस्थानाकडे पाठ फिरवूनच हा शब्द पुन्हां वापरला जात आहे, हेंही ध्यानांत घ्यावें. ज्या गल्लींत मुलें वाढलीं, तेथील विहीर, वाचनालय, वृक्ष यांची चिंता मग कोणी वाहावी ? वाडवडिलांचें गांव पूज्य मानावें. पण उपनगरास निव्वळ बिऱ्हाड समजूं नये. शब्दाचा मूळ अर्थ तरी हेंच सांगतो.