शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर

किल्ल्याखाली वसलेली गावे जगात अनेक आहेत. बहुतेक ठिकाणी आधी गड उभा राहतो आणि मग त्याच्या सावलीत बाजारपेठ, कारागिरांची घरे, देवळे, मशिदी वाढत जातात. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरचे तसे नाही. इथे गाव जुने आहे. शिवनेरीवर तटबंदी आणि दरवाजे उभे राहण्याच्या कितीतरी शतके आधी कुकडी नदीकाठी व्यापारी शहर नांदत होते. म्हणूनच शिवनेरीला जाणाऱ्याने नुसता गड पाहिला तर अर्धेच पाहिले असे होते. गडाखालची पेठ, डोंगरातली लेणी, सह्याद्रीतला घाट आणि आजही चालू असलेल्या जत्रा-यात्रा जोडीने पाहिल्या की या मुलखाची परंपरा समजते.

या मुलखाचा आजचा नाका म्हणजे आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. कांद्याच्या गाड्या, कोकणातून माळशेज घाट चढून आलेल्या एसटी बस, नगरकडे निघालेले ट्रक यांची इथे सतत वर्दळ असते. दोन हजार वर्षांपूर्वी हेच काम जुन्नर करीत होते. मालाची वाट तेवढी वेगळी होती.

घाट आणि पेठ

ती वाट नाणेघाटातून जाई. जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर सह्याद्रीची धार फोडून हा अरुंद घाट कोकणात उतरतो. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवर घाट चढून जुन्नरला येई आणि तिथून पैठणकडे जाई. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. त्यात जकात गोळा करीत, असे परंपरेने सांगितले जाते. घाटाच्या राखणीला जीवधन किल्ला शेजारीच उभा आहे.

नाणेघाटातल्या गुहेत भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा हा लेख. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे, नाणी अशा दक्षिणांची त्यात नोंद आहे. दक्षिणांचे आकडे अंकांत लिहिलेले असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला फार महत्त्व आहे. त्याच गुहेत राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांच्या पावलांचे अवशेष आणि वर कोरलेली नावे राहिली आहेत. महाराष्ट्रातल्या पहिल्या मोठ्या राजघराण्याची इतकी जवळून ओळख दुसरीकडे क्वचितच होते.

व्यापारातला पैसा लेण्यांत उतरला. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा, मानमोडी, गणेश लेणी आणि खुद्द शिवनेरीचे कडे असे त्यांचे गट पडतात. तुळजा लेण्यांतील चैत्यगृह गोल आहे. मधोमध स्तूप आणि भोवती बारा खांब अशी त्याची दुर्मीळ रचना आहे. लेण्यांना दान देणाऱ्यांत यवनही आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी खोदवली, चिट याने भोजनमंडप दिला आणि चंद याने लेण्याचे दर्शनी दार घडवले. मानमोडीच्या डोंगरातील एका लेखात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाची नोंद आहे. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेखही लेखांत येतात. दात्याने श्रेणीकडे रक्कम ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च भागायचा, अशी ती व्यवस्था होती.

गणेश लेणी म्हणजेच लेण्याद्री. शहराच्या उत्तरेला, नदीपलीकडच्या डोंगरात सुमारे तीस लेण्यांची ही रांग आहे. सातव्या क्रमांकाच्या विहारात पुढे गिरिजात्मजाची स्थापना झाली आणि बौद्ध विहार अष्टविनायकांतले एक स्थान बनला. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले की खांबांचा आधार नसलेला प्रशस्त दगडी मंडप लागतो. भिंतीलगत भिक्षूंच्या खोल्या आणि समोर दगडातच कोरलेला गणपती. अष्टविनायकांपैकी आणखी एक स्थान, ओझरचा विघ्नेश्वर, याच तालुक्यात कुकडीकाठी आहे.

गड

शिवनेरीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार फूट आहे. १४४३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत-तुज्जार याने तो जिंकला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने जुन्नरात आपले बस्तान बसवले, निजामशाहीची स्थापना केली आणि मग राजधानी अहमदनगरला नेली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने काही काळ पुन्हा जुन्नरहून निजामशाहीचा कारभार पाहिला. शहराच्या पूर्वेला हापूसबागेजवळ उभा असलेला सौदागर घुमट शहराच्या सुलतानी काळाची साक्ष देतो.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. निजामशाही मोडकळीस आली होती आणि मुलूख लढायांनी होरपळत होता. अशा वेळी सुरक्षित जागा म्हणून जिजाऊ या गडावर होत्या. पुढे किल्ला मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घालून पैसा आणि घोडे नेले. १६७३ मध्ये गड घेण्याचाही प्रयत्न झाला, पण मोगल किल्लेदार अब्दुल अझीझखानाने तो हाणून पाडला. महाराजांच्या हयातीत त्यांचे जन्मस्थान स्वराज्यात येऊ शकले नाही. १६७५ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथे येऊन गेला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी शिधासामग्री गडावर असल्याचे त्याने नोंदवले आहे. पुढे अठराव्या शतकात गड मराठ्यांकडे आला.

गडाची मुख्य वाट एकामागून एक सात दरवाजांतून जाते. महादरवाजातून आत शिरल्यावर परवानगीचा, हत्ती, पीर, शिपाई, फाटक आणि शेवटी कुलूप दरवाजा लागतो. प्रत्येक वळणावर वाट तटाखाली येते, म्हणजे चढून येणारा शत्रू वरून सतत माऱ्यात राहतो. मधल्या टप्प्यावरून एक फाटा शिवाई देवीच्या देवळाकडे जातो. गडाची ही देवता. तिच्यावरूनच महाराजांचे नाव ठेवले, अशी लोकपरंपरा आहे. माथ्यावर धान्य साठवायचा अंबरखाना, गंगा-जमुना ही बारमाही पाण्याची टाकी, बदामी तलाव, कमानी मशीद, कोळी चौथरा, टोकाला कडेलोटाची जागा आणि जन्मस्थानाची दुमजली वास्तू आहे. कोळी चौथऱ्याशी मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या बलिदानाची आठवण जोडलेली आहे.

गंगा-जमुना टाक्यांपाशी जरा थांबावे. कातळ खोदून पाणी साठवण्याची ही विद्या लेणी खोदणाऱ्यांची. जुन्नरच्या डोंगरांत विहाराशेजारी एखादे टाके हटकून दिसते. गडकऱ्यांनी हीच विद्या वापरली, म्हणून इतक्या उंचीवर भर उन्हाळ्यातही शिबंदीला पाणी मिळे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा उत्सवही याच गडावरून, एप्रिल १९६० च्या अखेरीस, यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत सुरू झाला. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत शिवनेरी आहे.

हरवलेला कागद

जुन्नरची एक ख्याती आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे, ती म्हणजे हातकागदाची. मराठेशाहीच्या दप्तरांना जुन्नरी कागद चांगला परिचित होता. कागद करणाऱ्या मुसलमान कारागिरांना कागदी म्हणत. जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या यांचे तुकडे करायचे, चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटायचे आणि नदीत धुवायचे. पांढरा लगदा हौदात कालवून गवताच्या काड्यांची चाळण त्यात बुडवायची. ती हलकेच उचलली की पाणी निथळून पातळ थर राहतो. तो ताव भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरू अडत नाही आणि शाई फुटत नाही. कुकडीचे पाणी आणि दप्तरांची मागणी यांवर हा धंदा चालला. गिरणीचा कागद स्वस्तात मिळू लागल्यावर तो बसला.

जपानमध्ये मात्र अशाच हातकागदाचे नशीब वेगळे निघाले. तिथल्या वाशी कागदाची कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली. कागद करणाऱ्या गावांत पाहुण्यांना स्वतः चाळण बुडवून ताव उचलायला मिळतो.

जपानी किल्ल्यांखालची शहरेही जुन्नरहून वेगळ्या रीतीने घडली. सोळाव्या-सतराव्या शतकांत सरदारांनी किल्ले सपाटीवर किंवा लहान टेकडीवर बांधले आणि भोवती शहर आखले. सामुराईंची वस्ती एकीकडे, व्यापारी आणि कारागिरांच्या गल्ल्या दुसरीकडे. १६१५ च्या फर्मानाने एका सरदाराला एकच किल्ला ठेवता येऊ लागला, त्यामुळे त्या एका किल्ल्याखाली सारी कारागिरी एकवटली. कानाझावात आजही सोन्याचा वर्ख बनतो. मात्सुए इथे चहाच्या विधीची आवड जोपासणाऱ्या सरदाराची परंपरा चालू आहे. अशा शहरांत प्रवासी किल्ला पाहतो आणि मग खाली येऊन चहाच्या विधीला बसतो, किमोनो नेसतो, हाताने काही घडवतो. वास्तूइतकीच माणसांच्या हातातली विद्याही वारसा मानली जाते.

चालू परंपरा

जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातही हाताला, कानाला आणि जिभेला भेटणारी परंपरा भरपूर आहे, फक्त ती एका गल्लीत गोळा झालेली नाही. १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शासकीय शिवजयंती होते. बायका पाळणा म्हणतात, बाळशिवबाला जोजवतात. गावोगावचे तरुण गडावर शिवज्योत पेटवून धावत आपापल्या गावी नेतात.

पुणे-नाशिक महामार्गावरचे नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास इथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख सांगतात, फडाची चौकशी करतात, सौदा जमला की सुपारी देतात. चैत्र-वैशाखातल्या यात्रांचा हंगाम इथे ठरतो. रात्री गण, गौळण, बतावणी, वग अशा क्रमाने तमाशा रंगतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी या गावाचे नाव देशभर नेले. पोटुशी असताना फडावर नाचत होत्या, पडद्यामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. राज्य शासनाचा तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो. या कलावंतांनी सोसलेल्याची जाणीव ठेवून तमाशा पाहावा.

यात्रेत बैलगाडाही असतो. इथल्या शर्यतीत बैलांच्या दोन जोड्या एकापुढे एक जुंपतात, पुढे घोडीवर स्वार असतो आणि गाडा चढाच्या घाटातून सुटतो. बारी किती सेकंदांत झाली त्यावर निकाल लागतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली होती. २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. त्यातल्या अटी पाळून आता शर्यती होतात.

आळेफाट्याजवळच्या आळे गावात ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. माळशेजच्या वाटेवर ओतूरला तुकाराम महाराजांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आणि कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी तिथे कोरड्या तांदळाच्या पिंडी उभारतात. पश्चिमेकडच्या डोंगरात, जुन्नर आणि आंबेगाव दोन्हीकडे, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत हिरडा वेचण्याचा हंगाम चालतो.

या भागाचे खास जेवण म्हणजे मासवडी. फोडणीच्या पाण्यात बेसन शिजवून घट्ट करायचे आणि ओल्या फडक्यावर थापायचे. मध्ये भाजलेले तीळ, सुके खोबरे, तळलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचे सारण पसरायचे. फडक्यासकट गुंडाळी करून दोन्ही बाजूंनी दाबली की तिला माशासारखी धार येते. मग वड्या कापून झणझणीत रश्शात कुस्करलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खायच्या. महामार्गावरच्या खाणावळींत ती मिळते, पण घरच्या सुगरणीच्या हाताखाली बसून करायला शिकली तर गुंडाळीचा खरा दाब कळतो.

कसे पाहावे

शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली. लेणी, घाट, पेठ आणि गड यांसाठी निदान दोन दिवस हाताशी असावेत. पहिल्या दिवशी नाणेघाट आणि लेण्याद्री, दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी आणि मग शहर, असा क्रम ठेवला की इतिहास घडला तसाच समोर येतो. गड चढायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात नाणेघाटात धुके दाटते आणि कडे निसरडे होतात. यात्रा, तमाशा आणि बैलगाडा पाहायचा असेल तर मात्र चैत्रातच यावे.

दगडाचा वारसा आता जगाच्या यादीत गेला आहे आणि त्याची डागडुजी होत राहील. कागद करणारे हात मात्र गेले, कारण त्यांच्या कामाला गिऱ्हाईक उरले नाही. फडावरची ढोलकी आणि चुलीपुढची मासवडी टिकवायची तर त्यांना प्रेक्षक आणि खवय्ये मिळायला हवेत. गड उतरून थेट महामार्गाला न लागता जुन्नरच्या पेठेत आणि नारायणगावच्या राहुट्यांकडे वळणारा प्रवासी ते काम सहज करू शकतो.