दाव्यांची गर्दी आणि परीक्षकाचे घड्याळ

पेटंटच्या अर्जात अर्जदाराचा हक्क नेमका कुठवर जातो, हे दाव्यांतून ठरते. दावे फार झाले तर परीक्षकाने काय करायचे, यावर अमेरिकेने गेल्या अर्धशतकात बरेच उपाय करून पाहिले. त्यांत आकड्यावर बंदी घालणारे उपाय टिकले नाहीत. १९७० साली वेकफील्ड प्रकरणात पेटंट ऑफिसने चाळीस दावे हा अतिरेक ठरवला, पण न्यायालयाने ते मानले नाही. इतके दावे तपासणे कंटाळवाणे असेल. पण परीक्षकाने पहिल्याच फेरीत सर्व दाव्यांना जुने संदर्भ लावले होते, मग शोध गर्दीत हरवला असे कसे म्हणणार? परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत दावे फार झाल्याची ही हरकत आजही आहे, पण आधी अर्जदाराला फोन करून तपासणीसाठी ठरावीक दावे निवडायला सांगा, असे तिथेच लिहिले आहे. २००७ मध्ये ऑफिसने नवा नियम आणला: पाचांहून अधिक स्वतंत्र किंवा एकूण पंचविसांहून अधिक दावे असतील, तर पूर्वसंदर्भांचा शोध अर्जदारानेच घेऊन द्यायचा. १ नोव्हेंबरला तो लागू होणार होता; आदल्याच दिवशी न्यायालयाने तो रोखला आणि २००९ मध्ये ऑफिसने तो मागे घेतला.

टिकली ती फी. वीस दाव्यांपुढे आणि तीन स्वतंत्र दाव्यांपुढे जादा पैसे मोजावे लागतात. हा तर धनवानांना परवाना झाला, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकी संशोधक गिल्बर्ट हायट यांनी जून १९९५ मध्ये पेटंटच्या मुदतीचा कायदा बदलण्याच्या तोंडावर शेकडो अर्ज भरले. पुढे त्यांतले दावे लाखाच्या वर गेले. तिथे फीचा धाक चालला नाही हे खरे. पण त्यांच्याच प्रकरणात २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ऑफिसला मुभा दिली ती अर्जदाराच्या दिरंगाईवर बोट ठेवायची. म्हणजे असल्या वर्तनावर कायद्यात वेगळा इलाज आहे. त्यासाठी सरसकट मर्यादा घालून प्रामाणिक अर्जदाराला का अडवायचे? माझ्या मते खरी अडचण परीक्षकाला मिळणाऱ्या ठरावीक तासांची आहे. अलीकडे अमेरिकेने हे तास ठरवताना दाव्यांची संख्याही धरायला सुरुवात केली, आणि या साऱ्या उपायांत तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भारतात दहा दाव्यांपुढे प्रत्येक दाव्याला जादा शुल्क आहे. त्या पैशाच्या प्रमाणात इथल्या परीक्षकालाही वेळ वाढवून मिळायला हवा.