दंतरोपणाचे पृष्ठभाग-संस्करण

दंतरोपणाचे पृष्ठभाग-संस्करण म्हणजे गमावलेल्या दाताच्या मुळाऐवजी जबड्याच्या हाडात बसवल्या जाणाऱ्या स्क्रूवर, हाड त्यास लवकर व घट्ट जुळावे या हेतूने केली जाणारी यांत्रिक, रासायनिक किंवा लेपनाची प्रक्रिया होय. या स्क्रूस व्यवहारात 'इम्प्लांट' म्हणतात. तो बहुधा शुद्ध टायटॅनियमचा किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. काही इम्प्लांट झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचेही असतात. बाजारात अनेक प्रकारचे पृष्ठभाग उपलब्ध असले तरी सर्व रुग्णांसाठी सर्वोत्तम असा एकही पृष्ठभाग सिद्ध झालेला नाही. हाडाची प्रत, रुग्णाची प्रकृती, कृत्रिम दात बसवण्याची घाई आणि तोंडाची स्वच्छता यांचा एकत्र विचार करून निवड करावी लागते.

पार्श्वभूमी

स्वीडिश संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना असे आढळले, की हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाला इतके एकजीव झाले होते की ते सहज काढता येईना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. धातू आणि जिवंत हाड यांच्यातील या थेट जोडणीस त्यांनी पुढे 'ऑसिओइंटिग्रेशन' हे नाव दिले. मराठीत यास अस्थिसंयोग म्हणता येईल.

ब्रोनेमार्क यांचे इम्प्लांट यंत्रावर कातलेले व तुलनेने गुळगुळीत होते. ते हाडात बसवल्यावर खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात सुमारे सहा महिने भार न देता थांबावे लागे. हा काळ कमी करणे आणि मऊ हाडातही यश मिळवणे, या दोन गरजांतून पृष्ठभाग-संस्करणाचे शास्त्र वाढले.

हाड आणि पृष्ठभाग

इम्प्लांट बसवताच त्यास मिळणारे स्थैर्य केवळ यांत्रिक असते; स्क्रूचे आटे हाडात रुतल्यामुळे ते मिळते. यास प्राथमिक स्थैर्य म्हणतात. पुढील काही आठवड्यांत जखमेभोवतालचे जुने हाड अंशतः विरघळते व नवे हाड तयार होऊ लागते. नव्या हाडामुळे मिळणारे स्थैर्य म्हणजे द्वितीयक स्थैर्य. जुना आधार कमी होत असतो आणि नवा पुरेसा तयार झालेला नसतो, असा जो मधला काळ असतो, त्यात इम्प्लांट सर्वांत नाजूक अवस्थेत असते. पृष्ठभाग-संस्करणाचा मुख्य उपयोग हा मधला काळ आखूड करण्यात आहे.

टायटॅनियम हवेच्या संपर्कात येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. हाडाचा संबंध प्रत्यक्षात या थराशी येतो. पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत असल्यास रक्ताची गुठळी त्यास धरून राहते, हाड तयार करणाऱ्या पेशी गुठळीतील तंतूंवरून पृष्ठभागापर्यंत पोहोचतात व तेथेच नवे हाड रचू लागतात. गिलावा धरावा म्हणून भिंत खडबडीत करतात, त्याच तत्त्वाने नवे हाड या खाचांत घट्ट अडकते.

खडबडीतपणा मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. सरासरी उंचसखलपणा ०.५ मायक्रोमीटरपेक्षा कमी असल्यास पृष्ठभाग गुळगुळीत, ०.५ ते १ असल्यास किंचित खडबडीत, १ ते २ असल्यास मध्यम खडबडीत आणि २ पेक्षा अधिक असल्यास खडबडीत मानला जातो. सध्या वापरातील बहुतेक इम्प्लांट मध्यम खडबडीत गटात मोडतात.

प्रमुख प्रकार

संस्करणाच्या काही पद्धतींत मूळ धातू कोरून खडबडीत केला जातो किंवा त्याचा वरचा थर बदलला जातो. काहींत वरून वेगळा लेप दिला जातो.

• कातलेला पृष्ठभाग: यंत्रावर कातल्यानंतर अन्य प्रक्रिया नसते. दाट हाडात याचे दीर्घकालीन निकाल चांगले आहेत. मऊ हाडात अपयशाचे प्रमाण अधिक आढळले.

• प्लाझ्मा फवारा: वितळलेल्या टायटॅनियमचे कण अतिशय उष्ण प्लाझ्माद्वारे इम्प्लांटवर फवारतात. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये याचा वापर सुरू झाला. पृष्ठभाग फार खडबडीत होत असल्याने ही पद्धत आज मागे पडली आहे.

• हायड्रॉक्सिॲपेटाइट लेप: हा कॅल्शियम व फॉस्फेट यांचा, हाडातील खनिजाशी साधर्म्य असलेला पदार्थ आहे. त्यामुळे सुरुवातीस हाड लवकर जुळते. तथापि, १९८० च्या दशकातील जाड लेप काही रुग्णांत कालांतराने विरघळले किंवा धातूपासून सुटले.

• कणमारा व आम्लप्रक्रिया: ॲल्युमिनाच्या सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर आकाराच्या कणांचा मारा करून नंतर तीव्र आम्लाने धातू कोरतात. यामुळे मोठ्या खळग्यांच्या आत लहान खळगे तयार होतात. 'एसएलए' या नावाने हा पृष्ठभाग १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला. त्यामुळे अनुकूल हाडात प्रतीक्षेचा काळ सहा ते आठ आठवड्यांवर आला.

• जलस्नेही पृष्ठभाग: उघड्या हवेत राहिलेल्या टायटॅनियमवर कार्बनयुक्त अशुद्धी साचून तो पाणी धरेनासा होतो. हे टाळण्यासाठी कणमारा व आम्लप्रक्रिया केलेले इम्प्लांट क्षारद्रावणात बंद ठेवतात. याच हेतूने शस्त्रक्रियेपूर्वी अतिनील किरणांचा वापरही केला जातो.

• विद्युत-ऑक्सिडीकरण: विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने ऑक्साइडचा थर जाड व सच्छिद्र केला जातो. २००० च्या सुमारास या पद्धतीचे इम्प्लांट प्रचारात आले.

खडबडीतपणाची दुसरी बाजू

ज्या खाचांत हाड घट्ट बसते, त्याच खाचा तोंडात उघड्या पडल्यास जंतूंचा आसरा होतात. इम्प्लांटभोवती जंतूंचा थर साचून हिरडी सुजणे व हाड झिजणे या विकारास 'पेरि-इम्प्लांटायटिस' म्हणतात. हाड खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, की तेथील थर घासून काढणे अतिशय कठीण होते. श्वानांवरील प्रयोगांत काही खडबडीत पृष्ठभागांभोवती हा विकार गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा अधिक वेगाने वाढलेला आढळला.

निरनिराळ्या इम्प्लांटांची तुलना करणाऱ्या २०१४ च्या कॉक्रन आढाव्यात कोणत्याही एका प्रकारास दीर्घकालीन यशात श्रेष्ठत्व असल्याचा पुरावा मिळाला नाही. कातलेल्या पृष्ठभागांभोवती दीर्घकालीन जंतुसंसर्गाने होणारी हाडाची झीज कमी असावी, असे मात्र मर्यादित पुराव्यावरून दिसले. यावर उपाय म्हणून काही इम्प्लांटांत हिरडीलगतचा भाग गुळगुळीत व खोलवरचा भाग खडबडीत ठेवतात.

निवडीचे निकष

खालच्या जबड्याच्या पुढील भागातील दाट हाडात संस्करणामुळे पडणारा फरक थोडा असतो. वरच्या जबड्याच्या मागील भागात हाड मऊ व विरळ असते. तेथे मध्यम खडबडीत पृष्ठभागाचा लाभ स्पष्ट होतो. कृत्रिम दात लवकर बसवायचा असल्यास, किंवा मधुमेहासारख्या कारणाने जखम भरण्यास विलंब होण्याची शक्यता असल्यास, जलस्नेही पृष्ठभागाचा विचार केला जातो; मात्र त्यामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्याची गरज संपत नाही. ज्यांना पूर्वी हिरड्यांचा गंभीर विकार झाला आहे, त्यांच्या बाबतीत हिरडीलगतचा भाग गुळगुळीत असणे हितावह ठरू शकते. उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या निकालांचा कालावधीही पाहणे आवश्यक असते. काही महिन्यांचे निष्कर्ष अस्थिसंयोगाचा वेग सांगतात, इम्प्लांटचे आयुष्य नव्हे.

पश्चिम महाराष्ट्रातील संदर्भ

सातारा जिल्ह्यातील कराडलगतच्या मलकापूर येथे कृष्णा विश्व विद्यापीठाचे (पूर्वीचे कृष्णा इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस) दंतमहाविद्यालय आहे. सांगली परिसरात भारती विद्यापीठाचे व वसंतदादा पाटील यांच्या नावाचे दंतमहाविद्यालय आहे. त्यामुळे या पट्ट्यातील ग्रामीण रुग्णांना दंतोपचारासाठी पुण्या-मुंबईस जाण्याची गरज बरीच कमी झाली आहे.

या भागात पृष्ठभागाची निवड तंबाखूच्या प्रश्नापासून वेगळी करता येत नाही. प्रौढांच्या तंबाखूसेवनाविषयीच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि चुना-तंबाखू आणि विशेषतः ग्रामीण स्त्रियांमधील मिश्रीची सवय टिकून आहे. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. ती दातांना व हिरड्यांना घासली जाते. धूम्रपानामुळे इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. धूरविरहित तंबाखूविषयी असे अभ्यास थोडे आहेत. परंतु तंबाखू ठेवण्याच्या जागी हिरडी मागे सरकते, हे दंतवैद्यकास सुपरिचित आहे. हिरडी व हाड मागे सरकले की उत्कृष्ट संस्करण केलेला पृष्ठभागही उघडा पडतो व त्याचा गुण दोषात बदलतो. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत महागड्या पृष्ठभागापेक्षा तंबाखू सोडणे आणि नियमित तपासणी यांचे महत्त्व अधिक आहे.

नियमन व नोंद

भारतात इम्प्लांट हे वैद्यकीय उपकरण मानले जाते. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. प्रत्येक इम्प्लांटच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, आकारमान व उत्पादन-संचाचा क्रमांक असतो. त्यावरील चिकटपट्टीची एक प्रत रुग्णाच्या कागदपत्रांत लावण्याची पद्धत आहे. पुढे काही वर्षांनी स्क्रू ढिला झाल्यास, किंवा रुग्ण दुसऱ्या गावी अन्य दंतवैद्याकडे गेल्यास, जबड्यात कोणते इम्प्लांट व कोणता पृष्ठभाग आहे हे या नोंदीवरून कळते. क्ष-किरण चित्रात इम्प्लांटचा आकार दिसतो. त्याचे पृष्ठभाग-संस्करण दिसत नाही.