विश्लेषण : चाळिशीनंतर दुखावलेल्या गुडघ्याने पुन्हा धावता येते का?

कार्ल्याच्या लेण्यांकडे आणि एकवीरा देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या सुमारे साडेतीनशे पायऱ्या चढताना दम लागतो. पण गुडघा कुरकुरतो तो उतरताना. लोणावळ्याची ३५ आणि ५० किलोमीटरची टाटा अल्ट्रा शर्यत, लोहगड-विसापूरच्या वाटा आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचे सायकलिंग यांमुळे मावळात चाळिशी-पन्नाशीचे हौशी खेळाडू नेहमी दिसतात. त्यांच्यापैकी कुणाचा गुडघा दुखावला की घरचे, शेजारचे एकच सल्ला देतात : ‘आता पुरे.’ तो कितपत बरोबर आहे?

उतरतानाच जास्त का दुखते?

बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून गुडघ्यावरचा भार मोजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीनुसार सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, पायऱ्या चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास ३.५ पट भार येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना प्रत्येक पावलाला २४० किलोच्या आसपास. हा भार झेलण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकसारखे काम करतो. पंचाईत अशी की, दुखापतीनंतर हाच स्नायू झपाट्याने आटतो. दुखणे थांबते, सूज ओसरते, माणूस बूट चढवतो; पण ब्रेक अजून दुरुस्त झालेला नसतो. पुन्हा दुखावण्याचे हे एक मोठे कारण.

‘एमआरआय’मध्ये चकती फाटलेली दिसली तर?

लगेच घाबरण्याचे कारण नाही. या वयात गुडघ्यातील चकती (मेनिस्कस) अनेकदा झिजून फाटते. मांडी घालून बसल्यावर उठतानाही. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांपैकी काहींची फाटलेली चकती दुर्बिणीतून छाटण्यात आली, तर काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा करण्यात आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक नव्हता. हे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात ते झिजून फाटलेल्या चकतीपुरते आहेत. गुडघा अडकून सरळच होत नसेल, चालताना अचानक दगा देत असेल किंवा वारंवार सुजत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवे.

धावण्याने गुडघे झिजतात?

२०१७ मधील एका संशोधन-आढाव्यात खुबा व गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, न धावणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के, तर स्पर्धात्मक धावपटूंमध्ये १३.३ टक्के आढळले. आकडे दिलासा देणारे आहेत, पण जपून वाचावेत. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात ते मुळात धावणे सोडतात, हेही त्यामागे असू शकते.

परतायचे कसे?

आधी ताकद, मग अंतर आणि वेग सर्वांत शेवटी. खुर्चीतून एका पायावर सावकाश उठता-बसता येते का, एका पायरीवरून हळू उतरताना गुडघा आत वळतो का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. दोन्ही मांड्यांच्या ताकदीतला फरक दहा टक्क्यांच्या आत यावा, अशी अपेक्षा असते. त्यानंतर कार्ले फाटा ते मळवलीसारख्या सपाट पट्ट्यात एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे. व्यायामानंतर थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्ववत व्हायला हवे. नाही झाले, तर पुढच्या वेळी अंतर कमी करायचे. इथे बहुतेकांचा संयम सुटतो, कारण फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. स्नायू आणि कंडरांना महिने लागतात.

चढ आधी, उतार शेवटी. लोहगडावर जायचेच असेल तर उतरताना दोन काठ्या हाताशी असाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळलेल्या पायऱ्यांवर नुकताच बरा झालेला गुडघा नेऊ नये. त्या महिन्यांत स्थिर सायकल किंवा पोहणे बरे.

गुडघ्यातील लिगामेंटची (एसीएल) शस्त्रक्रिया झालेल्यांचे वेळापत्रक वेगळे असते. सरळ रेषेतले हलके धावणे काही महिन्यांनी, तज्ज्ञांच्या परवानगीने सुरू होऊ शकते. पण झटकन वळावे लागणारे खेळ किमान नऊ महिने टाळायला सांगितले जाते. खडबडीत उतारावरचे पळणेही त्याच यादीत धरलेले बरे.