दोस्ती आणि वेग

परांडा तालुक्यातील सोनारी येथे चैत्रात भैरवनाथाची मोठी यात्रा भरते. रस्त्यावर माणसांची गर्दी असते. समजा, अशा गर्दीत एक मुलगा मोटारसायकल चालवत आहे. मागे बसलेला मित्र म्हणतो, "अरे, पळव की! घाबरतोस काय?" एकटा असता तर तो जपून गेला असता, पण मित्रांत भित्रा ठरायचे नाही, म्हणून तो वेग वाढवतो.

आता हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंतच एवढा रस्ता संपतो. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागते.

गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास, २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीनुसार पालकांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. चिथावणारा मित्र मात्र बाजूला राहतो.

म्हणून कोणी चिथावले, तर "नाही" म्हणा. त्यालाही हिंमत लागते. तुम्ही मागे बसला असाल, तर "हळू चालव" म्हणा. हीच खरी दोस्ती.